पहिला डीएसएलआर घेताना: पैसे मोजके असतील तर आधी लेन्सचा विचार करा

संध्याकाळी दिवे लागल्यावर खोलीत रांगणाऱ्या मुलाचा फोटो काढायचाय, असं धरा. हातात कालच घेतलेला २४ मेगापिक्सेलचा नवाकोरा कॅमेरा आहे आणि त्यावर त्याच्यासोबतच आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स. चेहरा जवळ यावा म्हणून झूम ५५ वर नेला की अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक, एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० ठेवली तरी शटर उघडं राहण्याचा वेळ १/१५ सेकंदावर येतो. तेवढ्यात मूल हलतं आणि फोटोत चेहऱ्याच्या जागी ओढल्यासारखा एक डाग उरतो.

आता खोली तीच, दिवा तोच, पण हातात दहा वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आहे आणि तिच्यावर ५० मिमी एफ/१.८ लेन्स. एफ/१.८ वर एफ/५.६ च्या जवळजवळ दहा पट प्रकाश आत येतो. म्हणजे त्याच आयएसओला शटर १/१५ वरून १/१५० पर्यंत जातं आणि मुलाच्या डोळ्यांतली चमकसुद्धा फोटोत उतरते.

पहिला कॅमेरा निवडताना मी हे उदाहरण प्रत्येकाला देतो, कारण पैसे मोजके असले की बहुतेक जण ते सगळे बॉडीत घालतात आणि लेन्ससाठी हातात काहीच उरत नाही. मी वाटणी अशी करायला सांगतो: एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त बॉडीवर जाऊ देऊ नका. तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त लेन्ससाठी ठेवा. उरलेल्यात कार्ड, जादा बॅटरी आणि बॅग. पुढचं सगळं या हिशोबावर उभं आहे.

आधी स्वतःचे जुने फोटो बघा

दुकानात किंवा साइटवर जाण्याआधी फोन उघडा आणि गेल्या वर्षभरातले तुम्हाला मनापासून आवडलेले शंभर फोटो वेगळे काढा. मग नुसते मोजा. माणसांचे किती? घरात, कमी उजेडात काढलेले किती? डोंगर, रस्ते, इमारती किती? फोनमध्ये झूम करून करून काढलेले, पक्षी इवलासा दिसतोय असे किती? व्हिडिओ किती?

हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचा निर्णय निम्म्याने सोपा होतो. ‘मला सगळंच काढायचंय’ असं प्रत्येकाला वाटतं. प्रत्यक्षात सत्तर-ऐंशी फोटो एकाच प्रकारचे निघतात. तो प्रकार कागदावर लिहून ठेवा. लेन्स त्याच्यावरून ठरेल आणि बॉडी लेन्सवरून.

याच वेळी एक प्रश्न निकालात काढा: डीएसएलआर (आतल्या आरशातून व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळ्याला लावायच्या खिडकीत, दृश्य दाखवणारा) की मिररलेस (आरसा नसलेला)? कॅनन आणि निकॉनने २०१८ मध्ये अनुक्रमे आरएफ आणि झेड हे नवे माउंट (लेन्स बॉडीला जोडणारी कडी) आणले आणि त्यांचं नवं काम आता तिकडेच चालतं. पेंटॅक्स मात्र डीएसएलआरला धरून आहे. तरीही कमी पैशांत शिकायचं असेल तर मी आजही डीएसएलआरच सुचवतो. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे चांगल्या बॉड्या आणि लेन्स सेकंडहँड बाजारात भरपूर आल्यात. बॅटरी खूप टिकते: निकॉन डी३५०० एका चार्जमध्ये प्रमाणित मोजणीनुसार १,५५० फोटो देतो. आणि लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही. कॅननच्या ईएफ लेन्स उद्या अडॅप्टर लावून आरएफ कॅमेऱ्यावर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही एफटीझेड अडॅप्टरवर तशाच चालतात. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर मात्र मिररलेसकडे जा, उगाच वळसा घेऊ नका.

लेन्स ठरवा

कमी किमतीचे डीएसएलआर जवळपास सगळे एपीएस-सी नावाच्या लहान सेन्सरचे असतात (सेन्सर म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग). फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमी. एपीएस-सी निकॉनमध्ये साधारण २३.५ × १५.६ मिमी आणि कॅननमध्ये त्याहून किंचित लहान, २२.३ × १४.९ मिमी. त्यामुळे लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याला, म्हणजे फोकल लेंथला, निकॉनवर १.५ ने आणि कॅननवर १.६ ने गुणायचं. ५० मिमीची लेन्स या बॉड्यांवर ७५ किंवा ८० मिमीसारखी दिसते. चेहऱ्यांसाठी ती उत्तम, पण लहान खोलीत चार माणसं एकत्र घ्यायला पाठ भिंतीला टेकते. हे आधी न कळल्यामुळे कितीतरी जणांच्या ५० मिमी लेन्स कपाटात पडून असतात.

घरातली माणसं हा तुमचा मुख्य विषय असेल तर निकॉनवर ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स घ्या. माझ्या मते पहिल्या लेन्समध्ये तिच्याइतकी पैसे वसूल करणारी दुसरी नाही. कॅननमध्ये तिच्या तोडीची स्वस्त ३५ मिमी नाही. तिथे जागा असेल तर ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घ्यावी आणि जागा कमी असेल तर बिस्किटाएवढी २४ मिमी एफ/२.८ एसटीएम.

डोंगर, रस्ते, प्रवास हे दिवसाउजेडी काढत असाल तर किट लेन्स पुरते. तिला नावं ठेवणारे बरेच भेटतील, पण एफ/८ वर आजच्या किट लेन्स स्वच्छ फोटो देतात. फक्त ती स्थिरीकरण (हाताची थरथर सावरणारी सोय) असलेली घ्या: कॅननवर आयएस, निकॉनवर व्हीआर. हे नसलेली १८-५५ जुन्या बाजारात खूप फिरते आणि स्वस्त म्हणून गळ्यात मारली जाते.

पक्ष्यांचं स्वप्न असेल तर कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० व्हीआरवाली बघा. ३०० मिमीला हातात धरून फोटो काढताना जुना नियम असा की शटर किमान गुणलेल्या फोकल लेंथइतकं वेगवान हवं, म्हणजे इथे साधारण १/५०० सेकंद. स्थिरीकरण नसलेल्या ७०-३०० आणि ७५-३०० लेन्स दोन्ही कंपन्यांच्या आहेत आणि किंमत बघून मोह होतो. तो टाळा.

माउंट आणि मोटरचा गुंता

पैसे सगळ्यात जास्त फसतात ते इथे, म्हणून जरा सावकाश वाचा.

निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून आहे. जुन्या लेन्स नव्या बॉडीवर बसतात, पण बसणं आणि फोकस करणं या दोन वेगळ्या गोष्टी. जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते. बॉडीतली मोटर एका लहान स्क्रूने त्यांना फिरवते. डी३००० आणि डी५००० मालिकांच्या बॉड्यांमध्ये ही मोटर नाही. डी९०, डी७०००, डी७१००, डी७२०० मध्ये आहे. म्हणजे स्वस्त मिळाली म्हणून ५० मिमी एफ/१.८डी घेऊन डी३३०० वर लावली तर फोकस हाताने फिरवत बसावं लागेल. डी३३०० साठी आत मोटर असलेली एएफ-एस ५० मिमी एफ/१.८जी हवी. टॅमरॉन १७-५० एफ/२.८ सारख्या इतर कंपन्यांच्या लेन्समध्येही निकॉनसाठी मोटर असलेली आणि नसलेली अशी दोन रूपं आहेत.

याची उलट बाजूही आहे. निकॉनच्या नव्या एएफ-पी लेन्स डी३२००, डी५१००, डी७००० आणि त्याआधीच्या बॉड्यांवर फोकसच करत नाहीत. डी३३०० आणि डी५३०० वर चालतात, पण त्या बॉड्यांचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत लागतं.

कॅननचं सोपं आहे. ईएफ माउंट १९८७ चा आणि मोटर पहिल्यापासून लेन्समध्येच. लक्षात ठेवायचं एवढंच की ईएफ लेन्स एपीएस-सी आणि फुल फ्रेम दोन्हीवर बसते, तर ईएफ-एस फुल फ्रेमवर बसत नाही.

पेंटॅक्सचा के-माउंट १९७५ चा. स्थिरीकरण बॉडीतच असल्यामुळे चाळीस वर्षं जुनी लेन्ससुद्धा स्थिर होते. के-७० ही पाण्याच्या शिंतोड्यांपासून जपलेली, दोन डायल असलेली बॉडी मला फार आवडते. अडचण इतकीच की सेकंडहँड लेन्स शोधायला वेळ लागतो. सोनीचा ए-माउंट मात्र बंद झालाय. पहिल्या कॅमेऱ्यासाठी तो सोडा.

आता बॉडी

मेगापिक्सेलची चिंता सोडा. १२ मेगापिक्सेलचा ४२८८ × २८४८ चा फोटो ३०० डीपीआयला सुमारे १४ × ९.५ इंच छापता येतो. २४ मेगापिक्सेलचा २० × १३ इंच. एवढ्या मोठ्या प्रिंट किती काढणार, ते स्वतःच ठरवा.

त्यापेक्षा कॅमेरा डोळ्याला लावा. स्वस्त बॉड्यांमध्ये व्ह्यूफाइंडरच्या आत आरसे बसवलेले असतात, वरच्या दर्जाच्या बॉड्यांत अखंड काचेचा प्रिझम. डी३५०० मधून बघितलं की बोगद्याच्या टोकाला चौकट दिसावी तसं वाटतं आणि चौकटही फोटोच्या ९५ टक्केच असते. फोटोच्या कडेला न दिसलेली फांदी येते ती यामुळेच. डी७१०० किंवा कॅनन ८०डी मधून बघा, चौकट मोठी, उजळ आणि पूर्ण १०० टक्के. दोन्ही एकामागोमाग डोळ्याला लावून बघितल्यावर निवड करायला फार बोलावं लागत नाही. बघण्याआधी व्ह्यूफाइंडरशेजारची डायॉप्टरची चकती फिरवून आतले आकडे स्पष्ट करून घ्या. चष्मा असेल तर हे आवर्जून करा. कॅनन ४०००डी मध्ये ही चकतीच नाही आणि लेन्स बसवायचं कडंही प्लास्टिकचं आहे. अगदी नवा आणि अगदी स्वस्त हवा म्हणून त्याच्याकडे जाऊ नका, एवढंच सांगेन.

दुसरी गोष्ट डायलची. एका डायलच्या बॉडीवर मॅन्युअल मोडमध्ये अपर्चर बदलायला बटण दाबून धरावं लागतं. दोन डायल असले की अंगठा आणि पहिलं बोट शटर आणि अपर्चर दोन्ही सांभाळतात, आणि डोळा व्ह्यूफाइंडरवरून हलत नाही. शिकणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नवी सगळ्यात खालच्या दर्जाची बॉडी घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत सेकंडहँड मधल्या दर्जाची घ्या. निकॉनमध्ये डी७१०० (२०१३) किंवा डी७२०० (२०१५), कॅननमध्ये ७०डी (२०१३) किंवा ८०डी (२०१६). याला अपवाद वजनाचा. डी७२०० बॅटरी आणि कार्डासकट ७६५ ग्रॅम भरतो, डी३५०० फक्त ४१५ ग्रॅम. जड कॅमेरा घरीच राहणार असेल तर त्याच्या दोन डायलांचा उपयोग नाही. अशांनी डी३५००, डी५३०० किंवा कॅनन २००डी घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये. व्हिडिओही अधूनमधून काढायचा असेल तर ७०डी, ८०डी, २००डी यांतली ड्युअल पिक्सेल फोकस यंत्रणा निकॉनच्या डीएसएलआरपेक्षा खूप गुळगुळीत चालते. डी३५०० ला तर बाहेरचा माइक लावायची सोयही नाही.

कॅननच्या नावांचा घोळ होऊ देऊ नका. एकच बॉडी वेगवेगळ्या देशांत वेगळ्या नावाने विकली जाते. २०००डी म्हणजेच १५००डी, ४०००डी म्हणजेच ३०००डी, २५०डी म्हणजेच २००डी मार्क २. पुढे फ्लॅश घ्यायचा विचार असेल तर आणखी एक: २५०डीच्या हॉटशूमध्ये (वर फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली पिन नाही, त्यामुळे कुठल्याही कॅमेऱ्यावर चालणारे साधे फ्लॅश ट्रिगर तिच्यावर चालत नाहीत.

सेकंडहँड कॅमेरा तपासण्याची पद्धत

एक लेन्स मी संध्याकाळी, पिवळ्या दिव्याखाली, वरवर बघून घेतली होती. घरी आल्यावर फोनचा टॉर्च मागून लावला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी! विकणाऱ्याने पैसे परत केले नाहीत. तेव्हापासून टॉर्च खिशात असल्याशिवाय मी लेन्स बघायला जात नाही. तुम्हीही दिवसा जा आणि टॉर्च, स्वतःचं कार्ड, छापील मजकुराचा एक कागद सोबत न्या.

लेन्स बॉडीवरून काढा. दोन्ही टोपणं काढून मागून तिरपा टॉर्च मारा आणि पुढून बघा, मग उलट. धुळीचे चार कण असले तरी फोटोत काही दिसत नाही. धागे किंवा फांद्यांसारखी नक्षी म्हणजे बुरशी. सगळीकडे दुधासारखा पातळ थर म्हणजे हेझ, यातून काढलेले फोटो फिके येतात. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर किंमत कितीही कमी होवो, परत द्या. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा मात्र दिसतो तेवढा वाईट नसतो. मागच्या काचेवरचा जास्त त्रास देतो.

मग लेन्स चढवा, मॅन्युअल मोडवर एफ/१६ ठेवा, आयएसओ आणि शटर पक्के करा आणि एकाच दृश्याचे पाच फोटो लागोपाठ काढा. पाचही सारखेच उजळ हवेत. एखादा जास्त पांढरा आला तर अपर्चरच्या पात्यांवर तेल उतरलंय आणि ती वेळेवर मिटत नाहीत.

त्यानंतर शटर. उजेडात, सपाट भिंतीकडे तोंड करून १/४००० सेकंदाला फोटो काढा. एका कडेला काळी पट्टी आली किंवा फोटो अर्धा फिका, अर्धा गडद आला तर शटर थकलंय. आतापर्यंत किती क्लिक झाले तेही बघा. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच हा आकडा असतो, एक्झिफ (फाइलमध्ये साठवलेली फोटोची माहिती) पूर्ण वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसतो. कॅननच्या बहुतेक बॉड्यांचा फाइलमध्ये मिळत नाही, केबल लावून वेगळ्या प्रोग्रॅमने काढावा लागतो. या वर्गातल्या बॉड्यांचं शटर साधारण १,००,००० क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, डी७२०० चं १,५०,०००. तो आकडा ओलांडला की कॅमेरा मरतो असं नाही, पण किंमत त्या हिशोबाने ठरली पाहिजे. माझा कल ३०-४० हजार क्लिकच्या आतल्या बॉडीकडे असतो.

सेन्सरसाठी एफ/२२ लावा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा. धूसर गोल ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. तीच रेघ दर फोटोत, त्याच जागी, धारदार दिसत असेल तर तो ओरखडा आहे आणि तो जाणार नाही.

फोकस तपासायचा तर तो छापील कागद टेबलावर ठेवा, ४५ अंशांच्या कोनातून बघा आणि अपर्चर पूर्ण उघडून मधल्या ओळीवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करा. फोटोत मधली ओळ सगळ्यात धारदार हवी. तिच्या पुढची किंवा मागची धारदार आली तर हाच फोटो लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, घ्या. लाइव्ह व्ह्यूचा बरोबर आणि व्ह्यूफाइंडरचा चुकीचा, म्हणजे आरशाखालचा फोकस सेन्सर आणि लेन्स यांचं जुळत नाहीये. डी७१००, डी७२००, ७०डी, ८०डी मध्ये हे मेनूतून दुरुस्त करता येतं. खालच्या दर्जाच्या बॉड्यांत ती सोय नाही.

शेवटी हात फिरवा. रबर सुटलंय का, बॅटरीचं दार नीट लागतं का, कार्ड सहज आत जातं का, प्रत्येक बटण दाबून दोन्ही डायल फिरवा. माउंटचे स्क्रू खरवडलेले दिसले तर कुणीतरी आत हात घातलाय असं समजा.

उरलेले पैसे

एका मोठ्या कार्डापेक्षा ३२ जीबीची दोन घ्या. खूप जुन्या बॉड्या एसडीएक्ससी, म्हणजे ३२ जीबीच्या वरची कार्डं वाचतच नाहीत. एक जादा बॅटरी, धूळ उडवायचा रबरी ब्लोअर आणि लेन्सचं हूड (पुढे लावायचं आडोशाचं कडं). यूव्ही फिल्टरची घाई नको. स्वस्त फिल्टर दिव्यांच्या उलट्या प्रतिमा फोटोत आणतो आणि धक्क्यापासून वाचवायचं काम हूड जास्त चांगलं करतं.

बॅग महागडी नसली तरी चालेल, पण हवाबंद डबा आणि सिलिका जेल आणा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की लेन्समध्ये बुरशी धरायला लागते. कॅमेरा कातडी केसमध्ये घालून बंद कपाटात ठेवणं तर सगळ्यात वाईट, कातडं ओल धरून ठेवतं.

घेतल्यानंतरचे पहिले महिने

नवा असो की जुना, परत देण्याची मुदत असेल तोवर वरच्या सगळ्या तपासण्या घरी पुन्हा शांतपणे करा. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) आणि जेपीजी दोन्हीत ठेवा. रॉ आज उघडता आली नाही तरी सहा महिन्यांनी याच फोटोंकडे परत याल.

आणि दुसरी लेन्स घ्यायची घाई करू नका. तीन-चार महिने एकाच लेन्सने काढा, मग संगणकावर फोटोंची फोकल लेंथ बघा. १८-५५ घेऊन सगळे फोटो १८ वरच काढले असतील तर तुम्हाला आणखी रुंद लेन्स हवी आहे. सगळे ५५ वर ओढलेले असतील तर लांबची. आणि बहुतेक ३५ च्या आसपास, त्यातही आयएसओ ३२०० च्या वर असतील, तर ती ३५ मिमी एफ/१.८ आता घ्या.